पठाणचे हजार कोटी आणि आपलं बीड : पिक्चरचा गल्ला मोजतात तरी कसा?

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना येणारे "बघा" आणि "म्हणजे" जरा कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

माजलगावकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. प्रश्न असा : "दादा, त्या पठाण पिक्चरनं हजार कोटी कमावले म्हणतेत. मग आमच्याकडचं थेटर कामून बंद पडलं? अन् त्या हजार कोटीत आमच्या बीडचे किती?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. हजार कोटी म्हणजे नक्की काय? ते कुणाच्या खिशात जातात? बीडचा आकडा कुठं लिहिला जातो? आणि पिक्चर मोबाईलवर बघणाऱ्याचा हिशोब कोण ठेवतं? एकेक करून बघू.

ढोबळ, निव्वळ आणि हिस्सा

'पठाण' २५ जानेवारी २०२३ ला आला. बुधवार होता, दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. देशात साधारण साडेपाच हजार पडद्यांवर तो एकाच वेळी लागला. शेवटी जगभरातला गल्ला झाला सुमारे १,०५० कोटी रुपये. त्यातले साडेसहाशे कोटींच्या आसपास भारतातले आणि उरलेले परदेशातले.

हा झाला ढोबळ गल्ला. प्रेक्षकानं खिडकीवर दिलेला सगळा पैसा. त्यातून सरकारचा कर वजा केला की उरतो निव्वळ गल्ला. पठाणचा भारतातला निव्वळ गल्ला सुमारे ५४० कोटी. इंस्टाग्रामवर दोन पिक्चरच्या फॅन लोकांची भांडणं चालतात ना, त्यातली निम्मी अशी असतात की एकजण ढोबळ आकडा सांगतोय आणि दुसरा निव्वळ. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि भांडण फुकटचं.

आता तिकीट हातात घेऊन बघू. समजा तिकीट १७७ रुपयांचं आहे. त्यात १८ टक्के जीएसटी म्हणजे २७ रुपये गेले. राहिले १५०. हे १५० थिएटरवाला आणि वितरक वाटून घेतात. २००९ साली एप्रिल ते जून निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं जोरदार भांडण झालं होतं, दोन महिने मोठे हिंदी पिक्चर लागलेच नाहीत. त्यानंतर जी वाटणी ठरली तिचा साचा आजही वापरात आहे. पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढं ३० टक्के.

म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या १७७ मधले ७५ रुपये वितरकाकडं गेले. तेच तिकीट तुम्ही चौथ्या आठवड्यात काढलं, तर त्याला मिळाले फक्त ४५. आता कळलं ना, पहिल्या शनिवार-रविवारसाठी सगळी कंपनी एवढा आटापिटा का करते? उशिरा येणारा प्रेक्षक त्यांच्यासाठी स्वस्तातला प्रेक्षक असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पठाणच्या ५४० कोटींमधून वितरकाच्या हाती निम्म्यापेक्षा थोडं कमी आलं असणार. माझा ढोबळ हिशोब अडीचशे कोटींच्या आत-बाहेर. यशराज स्वतःच निर्माता आणि स्वतःच वितरक असल्यामुळं मधला माणूस नाही, ही त्यांची सोय. त्यात परदेशातला हिस्सा, टीव्हीचे हक्क, ओटीटीचे हक्क आणि गाण्यांचे पैसे मिळवले की खरा नफा दिसतो. पण "हजार कोटी कमावले" याचा अर्थ हजार कोटी घरी नेले असा होत नाही.

हेरगिरीच्याच पिक्चरमधलं उलट उदाहरण द्यायचं तर 'राझी'. ११ मे २०१८ ला आला, दिग्दर्शन मेघना गुलजार यांचं. खर्च चाळीस कोटींच्या आत झाल्याचं सांगतात, आणि भारतातला निव्वळ गल्ला १२० कोटींच्या वर गेला. आकडा पठाणच्या पाव भागाएवढा, पण खर्चाच्या तिप्पट. याउलट १४ ऑगस्ट २०२५ ला आलेला 'वॉर २'. जगभरात साडेतीनशे कोटींच्या आसपास गल्ला केला, म्हणजे राझीपेक्षा कितीतरी जास्त, पण खर्चच इतका मोठा होता की तो पडला असंच धरलं गेलं. शेतीत म्हणतो तसंच आहे : किती क्विंटल झालं ते नंतर सांग, आधी एकरी खर्च किती आला ते सांग.

बीडचा आकडा निजामाच्या वहीत

हा भाग मला स्वतःला सगळ्यात मजेशीर वाटतो. हिंदी पिक्चरच्या धंद्यात देशाचे जे भाग पाडलेत त्यांना सर्किट म्हणतात. तुम्हाला वाटेल बीड महाराष्ट्रात, म्हणजे मुंबई सर्किटमध्ये असेल. तसं नाही. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, पुणे, कोल्हापूर आहे, गुजरात आहे, गोवा आहे, अगदी कर्नाटकातलं बेळगावही आहे. विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये. आणि आपला मराठवाडा? तो निजाम सर्किटमध्ये, तेलंगण आणि कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गीच्या जोडीला.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून मोकळे झालो. दरवर्षी झेंडा फडकवतो. पण पिक्चरवाल्यांच्या वहीत आपण अजून निजामाकडंच आहोत!

यात हसण्यासारखं आहे, तसं विचार करण्यासारखंही आहे. निजाम सर्किटचा आकडा बघणारा माणूस मुख्यतः हैदराबादकडं बघतो. तिथली मोठमोठी मल्टिप्लेक्स, तिथले तिकीट दर. त्यात बीड, गेवराई, आष्टी, परळी यांचा आकडा वेगळा दिसतच नाही. एखादा पिक्चर आपल्याकडं जोरात चालला किंवा आपटला, तरी वरच्या बेरजेत फरक पडत नाही. जो आकडा वेगळा दिसत नाही, त्याच्यासाठी कुणी वेगळा विचारही करत नाही.

कोयता बांधला की प्रेक्षक गेला

आता कॅलेंडर काढा. दिवाळीच्या आसपास आपल्याकडं काय होतं? मुकादम उचल देतो, ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात, आणि जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्हा, पार कर्नाटकापर्यंत. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. गावात उरतात म्हातारे आणि शाळेतली काही पोरं.

आणि हेरगिरीचे मोठे पिक्चर कधी येतात? 'टायगर जिंदा है' २२ डिसेंबर २०१७. 'पठाण' २५ जानेवारी २०२३. 'टायगर ३' १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. नाताळ, प्रजासत्ताक दिन, दिवाळी. मुंबई-दिल्लीसाठी हे सुट्टीचे दिवस. आपल्या अर्ध्या गावासाठी हे उसाच्या फडातले दिवस.

समजा एखाद्या जोडप्यानं सांगलीकडं कारखान्याजवळच्या थिएटरात पठाण बघितला. बीडच्या माणसाचं तिकीट, पण जमा झालं मुंबई सर्किटमध्ये. बेळगाव भागात बघितला, तरी मुंबईतच. पण खरं सांगायचं तर बघणारे थोडेच. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. त्यात तीन तासांचा पिक्चर बसत नाही. कोपीवर परत आल्यावर मोबाईलवर दहा-दहा मिनिटं बघायचं, एवढंच जमतं.

म्हणून मला 'सैराट'चं उदाहरण आठवतं. हेरगिरीचा नाही, पण मुद्दा समजायला बरा. २९ एप्रिल २०१६ ला आला. शाळा सुटत आल्या होत्या, ऊसतोड संपून माणसं गावी परतली होती. मराठी पिक्चर म्हणून करमणूक करही नव्हता. पुढं त्यानं शंभर कोटींचा टप्पा गाठला. यशाचं कारण पिक्चरच, यात वाद नाही. पण प्रेक्षक घरी असताना पिक्चर येणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

रीळ, सीडी, कार्ड आणि जिओ

घरी पिक्चर बघण्याची आपली गोष्ट चार टप्प्यांची आहे. घरातल्या मोठ्यांना विचारा, सगळे टप्पे सांगतील.

पहिला व्हीसीआरचा. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, गल्लीत लावायचा, रात्रभर तीन पिक्चर. त्यातला बराचसा पैसा भाड्यावाल्याकडं जायचा, निर्मात्यापर्यंत क्वचितच.

दुसरा सीडीचा. सुरुवातीला खरी सीडी महाग आणि नकली स्वस्त, म्हणून सगळीकडं नकलीच. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीनं अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. भाव नकलीच्या जवळ आणला की लोक खरी घेतात, हे त्यांनी दाखवून दिलं. फुकट्या म्हणून ज्यांना हिणवलं जायचं, तेच लोक २८ रुपये मोजत होते. अडचण नियतीची नव्हती, किमतीची होती.

तिसरा मेमरी कार्डचा. मोबाईल शॉपीत जायचं, "कार्ड भरून द्या" म्हणायचं. दहा-वीस रुपयांत पाच पिक्चर आणि दोनशे गाणी. निर्मात्याला शून्य.

चौथा ५ सप्टेंबर २०१६ पासूनचा. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि कार्ड भरणारा दुकानदार रिचार्ज आणि कव्हर विकायला लागला.

थिएटरच्या बाजूनंही बदल झाला. आधी रीळ असायचं. एका प्रिंटला हजारो रुपये खर्च, म्हणून प्रिंट मोजक्याच. मोठ्या शहरात चालून चालून ओरखडे पडले की मग तालुक्याला यायची. पुढं उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवरून पिक्चर यायला लागले आणि तालुक्यालाही पहिला दिवस मिळाला. पण पहिला दिवस मिळाला तेव्हाच हातात मोबाईलही आला.

छप्पन्न दिवसांची खिडकी

आता एक गंमत मोजून बघा, कॅलेंडर घेऊन. 'पठाण' थिएटरात २५ जानेवारी २०२३, प्राइम व्हिडिओवर २२ मार्च २०२३. किती दिवस? छप्पन्न. 'टायगर ३' थिएटरात १२ नोव्हेंबर २०२३, प्राइमवर ७ जानेवारी २०२४. छप्पन्न. 'वॉर २' थिएटरात १४ ऑगस्ट २०२५, नेटफ्लिक्सवर ९ ऑक्टोबर २०२५. पुन्हा छप्पन्न.

हा योगायोग नाही. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट आहे : हिंदी पिक्चर आमच्याकडं लावायचा असेल, तर आठ आठवडे ओटीटीवर टाकायचा नाही. कोरोनानंतर काही काळ हीच खिडकी चार आठवड्यांवर आली होती. मराठीतला 'पावनखिंड' १८ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि २० मार्चला प्राइमवर होता, म्हणजे तीस दिवसांत. नंतर हिंदीसाठी परत आठ आठवडे झाले.

२२ मार्च २०२३ ला काय होतं आठवतंय? गुढीपाडवा. कुणी मुद्दाम आखलं नव्हतं, आठ आठवडे मोजले आणि ती तारीख आली. पण आपल्यासाठी बघा कसं जुळलं : तोडीवरची माणसं परतायच्या सुमाराला पठाण मोबाईलवर आला. बीडमधल्या कितीतरी घरांसाठी पठाणचा पहिला दिवस जानेवारीत नव्हता, पाडव्याला होता.

मग हे पाडव्याचे प्रेक्षक कुठल्या आकड्यात गेले? हजार कोटींत नाहीत. ओटीटी कंपनी हक्क घेताना साधारण ठोक रक्कम देते. तुम्ही एकदा बघा नाहीतर दहादा, निर्मात्याला त्या पिक्चरचे तेवढेच. मात्र पुढच्या पिक्चरचा सौदा करताना मागचा किती बघितला गेला ते कंपनी बघते. थिएटरातला गल्ला बघूनही भाव ठरतो. म्हणजे बघणं वाया जात नाही, ते उशिरा मोजलं जातं. नेटफ्लिक्स आता दर आठवड्याला यादी देतं. एकूण बघितलेले तास भागिले पिक्चरची लांबी, हे त्यांचं 'व्ह्यूज'चं गणित. पण त्यात जिल्हा नसतो. बीडचे तास पुण्याच्या तासांत मिसळून जातात.

थेटर कामून बंद पडलं?

आता मूळ प्रश्नाकडं. पठाणच्या वेळी देशभरात पंचवीसेक बंद पडलेली एकपडदा थिएटरं पुन्हा उघडल्याची बातमी आली होती. आनंदाचीच गोष्ट. पण थिएटर एका पिक्चरवर चालत नाही. वर्षाला बावन्न शुक्रवार असतात. पठाणसारखे दोन-तीन येतात. उरलेल्या पन्नास आठवड्यांत वीजबिल, पगार, प्रोजेक्टरचं भाडं चालूच असतं. मल्टिप्लेक्सवाला पॉपकॉर्नवर कमावतो. तालुक्यातल्या थिएटरात लोक शेंगदाणे खिशात घेऊन येतात.

त्यात आपला प्रेक्षक हंगामी. सहा महिने जिल्ह्याबाहेर. पाऊस दगा देतो त्या वर्षी खिसा रिकामा. आणि तो येतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तेव्हा पिक्चर उतरलेला असतो. कारण वितरकाला पहिल्या आठवड्याचे ७५ रुपये हवेत, चौथ्या आठवड्याचे ४५ नकोत.

एक बरी बातमी : २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के तसाच आहे. म्हणजे ही सवलत खरी तर तालुक्यातल्या स्वस्त थिएटरची आहे. पण ती घ्यायला थिएटर उघडं पाहिजे.

टेलिग्रामवाल्यांसाठी दोन शब्द

आता तुम्ही म्हणाल, दादा, एवढी वाट कोण बघतो, लिंक येतेच की. मी भाषण देणार नाही. कायदा सांगतो आणि एक मुद्दा सांगतो.

कायदा : २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. पिक्चर चोरून रेकॉर्ड करणं किंवा चोरीची कॉपी पसरवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड कमीत कमी तीन लाख. पोलिसांचं लक्ष मोठ्या चोरांवर असतं हे खरं, पण ग्रुपवर फाईल पुढं ढकलणं आणि नुसतं बघणं यात फरक आहे, तो ध्यानात ठेवा. आणि पिक्चरच्या नावाखाली एपीके फाईल आली तर अजिबात उघडू नका. हजार कोटींचा पिक्चर फुकट बघायच्या नादात खात्यातले उचलीचे पैसे जायचे.

मुद्दा : चोरीची कॉपी बघणारा कुठंच मोजला जात नाही. निजाम सर्किटमध्ये नाही, नेटफ्लिक्सच्या तासांत नाही. आपल्याकडं पिक्चरचं वेड किती आहे हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पण मुंबईत बसून कागद बघणाऱ्याला बीडमध्ये प्रेक्षकच दिसत नाही. मग शो मिळत नाहीत, पडदे येत नाहीत, आणि मराठी निर्मातासुद्धा पुणे-ठाण्याचाच विचार करून गोष्ट लिहितो.

याचा तोटा सगळ्यात जास्त आपल्याच पिक्चरना होतो. हेरगिरी आपल्याला कुणी नवीन शिकवायची गरज नाही. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद' (१ जून २०१८) आणि 'फत्तेशिकस्त' (१५ नोव्हेंबर २०१९) या दोन्ही पिक्चरमध्ये आहेत. फर्जंदची गोष्ट म्हणजे कोंडाजी फर्जंद आणि साठ मावळ्यांनी १६७३ मध्ये पन्हाळा घेतला ती मोहीम. त्याला हिंदीसारखे पाच हजार पडदे मिळत नाहीत. त्याच्यासाठी बीडचा एकेक शो मोलाचा असतो. पठाणला आपली पन्नास तिकिटं गेली काय, राहिली काय, कळणारही नाही. मराठी पिक्चरला कळतात.

आणखी एक हिशोब करून थांबतो. पठाणचा भारतातला ढोबळ गल्ला साडेसहाशे कोटी. सरासरी तिकीट दोनशे रुपये धरा. तिकिटं झाली सव्वातीन कोटी. देशाची लोकसंख्या १४० कोटी. म्हणजे त्रेचाळीस माणसांमागं एक तिकीट. एवढा गाजलेला पिक्चर, तरी त्रेचाळिसातल्या बेचाळीस जणांनी तो थिएटरात बघितला नाही. आपण बीडवाले मागास म्हणून थिएटरात जात नाही, असं कुणी म्हणालं तर हा आकडा त्याच्यापुढं ठेवा. जवळपास सगळा देशच घरी बसून बघतोय. फरक एवढाच की काही जण मोजले जातात आणि काही जण नाही.

पुढच्या वेळी रीलवर "अमुक कोटी" असं मोठ्या अक्षरात दिसलं, की तीन गोष्टी विचारा. ढोबळ की निव्वळ? खर्च किती होता? आणि आकडा कुणी दिला, निर्मात्यानं की बाहेरच्या कुणी? तिन्हीची उत्तरं मिळाली तर आकड्यावर बोला. नाही मिळाली तर पिक्चर कसा होता त्यावर बोला, ते जास्त मजेचं असतं.

तुमच्या गावात अजून थिएटर चालू असेल, तर तिथं तिकीट कितीला आहे आणि शेवटचा मराठी पिक्चर कुठला लागला होता, ते व्हॉइस मेसेज करून कळवा. तोडीवर असाल तर कोपीवरून पाठवा, रेंज आली की येईल. पुढच्या एपिसोडमध्ये जत्रेतल्या तंबू टॉकीजवर बोलू. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्या गोष्टी आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा.